सेन्सरवरची धूळ, मीठ आणि डाग: गोव्यात कॅमेरा वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं डीएसएलआर (आत आरसा असलेले) आणि मिररलेस (आरसा नसलेले), दोन्ही प्रकारच्या लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून फोटो बनवणारी चिप, साफ करण्याची बहुतेक माहिती कोरड्या हवेचे देश डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. तिकडे धूळ म्हणजे नुसती धूळ. आपल्याकडे तिच्यासोबत मीठ आणि ओल असते, आणि त्यामुळे बरंच काही बदलतं. सगळ्यात मोठा फरक वेळेचा. आज संध्याकाळी फुंकरीने उडणारा कण आठवड्याभराने काचेला चिकटलेला असतो.

आकाशात करडे ठिपके दिसतात. ते सेन्सरवरचेच आहेत कशावरून?

एकामागून एक काढलेले चार-पाच फोटो शेजारी ठेवून पाहा. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल, तर संशय सेन्सरवर घ्यायचा. मग लेन्स बदलून बघा. तरीही जागा तीच राहिली तर खात्री झाली.

लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत ठिपका म्हणून जवळपास कधीच उमटत नाही. फार तर उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत धुरकटपणा येतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा काळा कण फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असतो. तो डोळ्याला खुपतो, पण फोटोत येत नाही. रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये दिसणारे लाल-निळे चमकते बिंदू म्हणजे तापलेले पिक्सेल, त्यांचा धुळीशी संबंध नाही. आणि पावसात फ्लॅश मारल्यावर येणारे मोठे पांढरे गोळे हे लेन्ससमोरच्या हवेतले थेंब असतात. ती जत्रेतल्या फोटोंची नेहमीची तक्रार आहे, पण त्यासाठी सेन्सर उघडायची गरज नाही.

एफ/२.८ ला फोटो स्वच्छ आणि एफ/१६ ला ठिपकेच ठिपके. असं का?

एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र (अपर्चर) लहान. त्याने फरक पडतो, कारण धूळ खुद्द सेन्सरवर नसते. सेन्सरच्या पुढे फिल्टरची काच असते, धूळ तिच्यावर बसते. काच आणि पिक्सेल यांच्यात साधारण १ ते २ मिलिमीटर अंतर असतं, आणि त्या अंतरातून कणाची सावली खाली पडते.

१ मिलिमीटर अंतर धरून ढोबळ हिशोब करू. एफ/२.८ ला प्रकाशाचा शंकू त्या अंतरावर सुमारे ०.३६ मिलिमीटर रुंद असतो. कण ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढा असेल, तर तो त्या शंकूच्या क्षेत्रफळातला जेमतेम २ टक्के प्रकाश अडवतो. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. एफ/२२ ला तोच शंकू ०.०४५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे कणापेक्षाही अरुंद. सावली गडद आणि रेखीव पडते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर पिक्सेल सुमारे ०.००६ मिलिमीटरचा असतो, तेव्हा हा डाग सात-आठ पिक्सेल रुंद दिसतो.

म्हणून चोडणला सलीम अली अभयारण्यात एफ/५.६ ला पक्षी टिपणाऱ्याला वर्षभर काही जाणवत नाही. तोच माणूस दूधसागरचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून एफ/२२ लावतो आणि हबकतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. १:१ प्रमाणात (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच) एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं.

तपासणी कशी करायची?

अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), आयएसओ १००, एफ/१६. फोकस मॅन्युअल करून मुद्दाम चुकवायचा: जवळची वस्तू टिपत असाल तर अनंतावर, आकाश टिपत असाल तर अगदी जवळ. एक्स्पोजर +१. पांढरा कागद किंवा सगळी पांढरी केलेली स्क्रीन हातभर अंतरावर धरा आणि शटर उघडं असताना कॅमेरा हळूच हलवत राहा. हलवल्यामुळे कागदाचा पोत पुसला जातो, धूळ मात्र सेन्सरसोबतच हलत असल्याने तशीच ठळक राहते. शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही.

जुलै-ऑगस्टमधलं सगळीकडून सारखं भरलेलं राखाडी आभाळ या तपासणीला निळ्या आकाशापेक्षाही चांगलं.

फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. कॉन्ट्रास्ट वाढवला तर पुसट डागही वर येतात, पण इथे स्वतःला आवर घाला. एफ/३२ आणि ताणलेला कॉन्ट्रास्ट यांच्यात नवाकोरा कॅमेराही घाणेरडा दिसतो. तुम्ही ज्या अपर्चरला प्रत्यक्ष काम करता, तिथे डाग दिसत नसेल तर त्याला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रत्येक पुसण्यात थोडा धोका असतोच.

फोटोत डाग वर डावीकडे आहे. सेन्सरवर कुठे शोधू?

खाली डावीकडे. कॅमेरा पाठीवर ठेवा, माऊंट (लेन्स बसवायचं तोंड) वर, व्ह्यूफाइंडरचा उंचवटा तुमच्यापासून दूर. आता फोटोची वरची बाजू तुमच्या जवळ येते, डावं-उजवं बदलत नाही. लेन्स प्रतिमा उलटी पाडते आणि आपण समोरून पाहतो, म्हणून फक्त वर-खाली बदलतं. गुरुत्वामुळे धूळ सेन्सरच्या खालच्या भागात जास्त साचते आणि तो भाग नेमका फोटोतल्या आकाशाचा असतो. डाग नेहमी आकाशातच का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे झाडीत आणि गर्दीत ते लपतात.

गोव्यातली घाण वेगळी म्हणजे नेमकी काय?

चार-पाच प्रकार आहेत. प्रत्येकाचा उपाय निराळा असल्यामुळे ओळख महत्त्वाची.

तांबडी माती. डिचोली, सांगे, उसगाव भागात खनिजाच्या रस्त्यांवर आणि चिरेखाणींजवळ ही पिठासारखी बारीक असते. तिच्यात लोहाचे ऑक्साइड असतात आणि कडक कणही. किनाऱ्यावरच्या वाळूतलं क्वार्ट्झ कठीणतेच्या मोह्स मोजपट्टीवर ७ ला बसतं, काच साधारण साडेपाचला. म्हणजे वाळूचा एक कण काचेवर असताना वरून कापड फिरवलं, तर चरा काचेवर पडणार. आधी फुंकणं आणि मगच पुसणं, हा क्रम त्यासाठी.

मीठ. मोरजीपासून पाळोळ्यापर्यंत कुठेही लाटा फुटताना जे सूक्ष्म तुषार उडतात, ते वाळून मिठाचे कण होतात. साध्या मिठाचा एक गुण इथे आपल्याला नडतो: हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे ही मर्यादा रोज ओलांडली जाते. म्हणजे रात्री कण थेंब होतो, दुपारी एसीत परत स्फटिक होतो, आणि प्रत्येक फेरीत काचेला अधिक घट्ट बसतो. सूक्ष्मदर्शक भिंगातून पाहिलं तर मध्ये स्वच्छ आणि कडेला पांढरट, अशी बारीक बांगडीसारखी कडी दिसते. ही कडी फुंकरीने जात नाही.

गुलाल. शिगम्यात, विशेषतः जांबावलीच्या गुलालोत्सवात, हवाच गुलाबी असते. बऱ्याचशा गुलालात स्टार्च असतो. कोरडा असेपर्यंत तो फुंकून उडतो, ओला झाला की खळ होते. अशा दिवशी सेन्सरला ओला स्वॅब (सेन्सर पुसायची चपटी काडी) लावण्याआधी दोनदा, तीनदा फुंकून घ्या. एक कणही राहिला तर तो काचेवर सारवल्यासारखा पसरतो.

राख आणि काजळी. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंडाजवळ काम करणाऱ्यांना हे माहीत आहे. हलकी असते, झूम लेन्स आतबाहेर करताना हवेसोबत आत ओढली जाते.

तेल. हे बाहेरून येत नाही, कॅमेऱ्यातूनच येतं. त्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

कॅमेऱ्यातली आपोआप सफाई खरंच काम करते का?

करते, पण कोरड्या धुळीवरच. २००३ साली आलेल्या ऑलिंपस ई-१ मध्ये ही सोय पहिल्यांदा आली. सेन्सरपुढची काच अतिवेगाने कंप पावते आणि कण झटकले जातात. कॅमेरा टेबलावर सपाट बुडावर ठेवून ती चालवा, म्हणजे झटकलेली धूळ खाली पडते. लागोपाठ तीन-चार वेळा केली तर फरक दिसतो. मिठाची कडी, तेल आणि खळ झालेला गुलाल यांच्यावर तिचा काही परिणाम होत नाही.

ब्लोअरने फुंकायची बरोबर पद्धत कोणती?

रबरी फुग्याचा, मागून हवा घेणारी झडप असलेला ब्लोअर घ्या. तो बॅगेत मोकळा टाकू नका. बॅगेच्या तळाशी असलेली वाळू तो ओढून घेतो आणि मग तीच सेन्सरवर मारतो. झिपच्या पिशवीत ठेवावा. वापरण्याआधी हवेतच आठ-दहा वेळा दाबून त्याचं पोट रिकामं करा.

खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, आणि पंधरा मिनिटं थांबा. आपल्याकडे छताचा पंखा बंद करणं जिवावर येतं, पण तोच सगळी धूळ फिरवत असतो. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डीएसएलआर असेल तर आधी आरसा खाली असतानाच आतली पेटी फुंकून घ्या, नाहीतर तिथली धूळ नंतर सेन्सरवर येते. मग मेन्यूतून सफाईचा पर्याय निवडून आरसा वर करा. बॅटरी मध्येच संपली तर आरसा आणि शटर खाली येतात, आणि त्या वेळी आत काही असेल तर शटरची पाती मोडतात. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो.

आता कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. डोक्याच्या वर धरा किंवा टेबलाच्या कडेला, पण माऊंट खाली. ब्लोअरचं टोक माऊंटच्या पातळीच्या आत न्यायचं नाही. दहा-बारा जोरदार फुंकरा, वेगवेगळ्या कोनांतून. थोडा वेळ तसंच खाली धरून मग बॉडी कॅप लावा. परत तपासणीचा फोटो. दहापैकी सात-आठ वेळा प्रश्न इथेच मिटतो.

तोंडाने फुंकलं तर? कापूस, चष्म्याचं पाणी, हवेचा डबा?

चारही नको. तोंडाच्या फुंकरीत थुंकीचे तुषार असतात आणि ते मिठापेक्षा वाईट वाळतात. कानाच्या कापसाच्या काडीतून तंतू सुटतात. चष्म्याच्या द्रवात बऱ्याचदा साबणासारखे घटक असतात, त्यांचा थर राहतो. हवेच्या डब्यातला द्रव कधीकधी तसाच बाहेर उडतो आणि काचेवर गोठून डाग पाडतो, शिवाय त्याचा झोत शटरच्या पात्यांना सोसत नाही. लेन्सपेनही फक्त लेन्ससाठी असतो, सेन्सरवर नको.

ओला स्वॅब घरी करावा का, आणि कसा?

हात स्थिर असेल, घाई नसेल आणि ब्लोअर दोनदा वापरूनही डाग राहिला असेल, तर करता येतं. मात्र वॉरंटीतल्या कॅमेऱ्याची सूचनापुस्तिका आधी वाचा. स्वतः साफ करताना झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी हवी. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, त्याला २४ चा स्वॅब. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, कॅननमध्ये थोडा लहान, त्याला १६ चा. रुंद स्वॅब दाबून बसवू नका. अरुंद वापरला तर मध्ये द्रवाची रेघ राहते.

द्रव कोणता, हा गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुनं प्रचलित द्रावण म्हणजे शुद्ध मिथेनॉल. ते झटकन उडतं, रेघ ठेवत नाही. पण मीठ त्यात नीट विरघळत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, तेवढ्याच मिथेनॉलमध्ये दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणून किनाऱ्यावर काम करणाऱ्यांचे डाग मिथेनॉलचे पाच स्वॅब संपले तरी जागचे हलत नाहीत आणि मग माणूस जोर लावतो. मिठाच्या कडीला सेन्सरसाठीच बनवलेलं पाण्यावर आधारित द्रावण लागतं. त्याने मीठ काढायचं, मग हवं तर शेवटचा एक हात अल्कोहोलच्या स्वॅबने, रेघा जाण्यासाठी. नळाचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरू नका. द्रावण तुमच्या मॉडेलला चालतं का, ते त्याच्या कागदावर पाहा.

मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. देवघरात दिवा लागलेला असताना शेजारच्या टेबलावर हे काम करू नका, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि विमानाच्या सामानात ती नेता येत नाही. झाकण उघडं ठेवलं तर ते हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली नंतर रेघा ओढायला लागते.

दमट दिवसांत आणखी एक अडचण. अल्कोहोल उडताना काच गार होते आणि तिच्यावर हवेतली ओल बसते. पुसल्यानंतर येणारा दुधी पापुद्रा बऱ्याचदा घाणीचा नसून याचाच असतो. त्यामुळे आधी अर्धा तास एसी चालवून खोली कोरडी करा, मग तो बंद करा, हवा स्थिर होऊ द्या आणि काम करा. आर्द्रता ५५ च्या खाली असेल तर उत्तम.

आता प्रत्यक्ष कृती. पुन्हा एकदा फुंकून घ्या. स्वॅबच्या कडेवर दोन थेंब, फुल फ्रेमला तीन. थेंब टाकून दहा सेकंद थांबा, द्रव सारखा पसरू द्या. स्वॅब चमकण्याइतका ओला नको, कारण जास्तीचा द्रव काचेच्या कडेतून आत जातो. सेन्सरच्या एका टोकाला स्वॅब किंचित तिरका टेकवा, टोक जरासं वाकेल एवढाच दाब ठेवा आणि दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन सेकंदांत एका दमात सरकवा. मध्ये उचलू नका, मागे-पुढे घासू नका. टोकाला पोचलात की स्वॅब उलटा करून दुसऱ्या बाजूने परत या. झाला तो स्वॅब, टाकून द्या. स्वच्छ दिसला तरी परत वापरायचा नाही. त्याच्यावर अडकलेला एक वाळूचा कण पुढच्या वेळी चरा पाडतो.

सेन्सर हलवून स्थिरता देणारी बॉडी असेल, तर कॅमेरा सफाईच्या पर्यायात ठेवा किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बंद करा. सेन्सर बोटाखाली थोडा डुलल्यासारखा वाटेल. घाबरू नका, पण दाबूही नका.

पुसल्यावर मधला डाग गेला, कोपऱ्यात नवे आले.

घाण कडेला ढकलली गेली. हे होतंच. दुसरा स्वॅब उलट दिशेने फिरवा. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त स्वॅब लागत असतील तर थांबा. एकतर द्रव चुकीचा आहे किंवा डाग काचेच्या आतल्या बाजूला आहे, आणि आतला डाग बाहेरून कधीच जात नाही.

गोल, रेखीव कडांचे आणि थोडे पारदर्शक डाग कसले?

बहुधा तेलाचे. शटर आणि आरशाच्या यंत्रणेतलं वंगण नव्या कॅमेऱ्यात सुरुवातीच्या काही हजार फोटोंत उडू शकतं. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० मध्ये असे डाग एवढे पडत होते की २०१४ मध्ये कंपनीने सफाई करून शटर मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं. तेल एका हातात जात नाही, पहिल्या स्वॅबने ते पसरतं. दोन-तीन स्वॅब लागतात. महिन्याभरात पुन्हा तसेच डाग आले तर घरी पुसत बसण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरला शटर दाखवावं.

किनाऱ्यावर लेन्स बदलावी का?

शक्यतो नाही. दोन बॉडी असतील तर एकीवर वाइड, एकीवर टेलि लावूनच खाली उतरा. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करा, किंवा गाडीत बसून काचा बंद करून बदला. कॅमेरा बंद, माऊंट खाली, नवी लेन्स आधीच झाकण सैल करून हाताशी. पाच-सहा सेकंदांचं काम आहे.

झाकणांकडे सगळे दुर्लक्ष करतात. लेन्सचं मागचं झाकण खिशात टाकलं की त्यात सुती तंतू जमतात, तेच झाकण लेन्सला लागतं आणि तिथून सगळं सेन्सरवर. रिकामी बॉडी कॅप आणि मागचं झाकण एकमेकांत फिरवून बसवा, आतल्या बाजू झाकल्या जातात. आठवड्यातून एकदा दोन्ही साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. घरी आल्यावर माऊंटची धातूची कडी आणि लेन्सची मागची कड ओलसर, घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसा, मग कोरड्याने. मीठ आधी तिथे बसतं आणि पुढच्या लेन्स बदलीत आत जातं.

काही मिररलेस बॉडी बंद केल्यावर शटर मिटून सेन्सर झाकतात. २०१८ च्या कॅनन ईओएस आर मध्ये ही सोय होती. धुळीला ती चांगली, पण मिटलेल्या शटरवर ब्लोअर मारू नये आणि बोट तर मुळीच लावू नये. पाती काचेपेक्षा नाजूक असतात.

हॉटेलच्या एसीतून बाहेर आलं की सगळं धुकं. सेन्सरला धोका आहे का?

लेन्स काढली नाही तर फारसा नाही. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तेव्हा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. एसीत २२ अंशांना गार झालेला कॅमेरा त्याच्या बराच खाली असतो, म्हणून त्याच्यावर पाणी जमतं. त्याच क्षणी लेन्स बदलली तर ते पाणी सेन्सरच्या काचेवर जमतं, तिथल्या मिठाला विरघळवतं आणि वाळताना कडी ठेवतं. लग्नाच्या कामात हॉलमधून बाहेर लॉनवर येताना हे हमखास होतं. कॅमेरा निघण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर पिशवीतच ३० ते ४५ मिनिटं राहू द्या. तेवढा वेळ नसेल तर एक बॉडी आधीपासून बाहेरच ठेवा.

चालू कामात डाग सापडला. आता काय?

अपर्चर उघडा. एफ/१६ ऐवजी एफ/८, आणि उजेड जास्त होत असेल तर एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच). व्हिडिओत तर हे आधीपासूनच करावं, कारण फोटोतला ठिपका क्षणात पुसता येतो, पण पॅन करताना आकाशावर चिकटून राहिलेला ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये पुसावा लागतो. फोटोंसाठी लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये हीलिंगच्या (डाग बुजवायच्या) साधनात डाग ठळक दाखवणारा पर्याय आहे. एका फोटोतले ठिपके बुजवून ती दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर लागू करा, पण ठिपका चेहऱ्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर येतो त्या फोटोंवर वेगळी नजर टाका. कॅननमध्ये डस्ट डिलीट डेटा आणि निकॉनमध्ये डस्ट ऑफचा संदर्भफोटो अशी सोय असते. त्या दोन्ही कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच चालतात.

सर्व्हिस सेंटरला कधी द्यायचा?

फोटोत सरळ, बारीक, न हलणारी रेघ दिसली तर तो चरा असू शकतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर बुरशी. समुद्राचं पाणी प्रत्यक्ष आत गेलं असेल तर एक क्षणही थांबू नका: बॅटरी काढा, चालू करून पाहू नका आणि त्याच दिवशी पोचवा. देताना तपासणीचा फोटो सोबत द्या आणि परत घेताना काउंटरवरच एफ/१६ ला नवा काढून दोन्ही ताडून पाहा.

पावसाळ्यात कॅमेरा ठेवायचा कसा? डब्यात तांदूळ घातले तर चालतील?

तांदूळ नकोत. उकडे असोत वा सुरय, त्यांना पिठाची बारीक भुकटी असते आणि ती स्टार्चच आहे. ओल तर ते फारच थोडी शोषतात.

विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट सगळ्यात सोयीची, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. त्याच्या खाली नेण्याची गरज नाही. बुरशी साधारण ६० च्या वर जोर धरते. कॅबिनेट नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि १० लिटरच्या डब्याला १५० ते २०० ग्रॅम सिलिका जेल, जाळीच्या पुरचुंडीत. मोकळे खडे टाकू नका, त्यांचीही भुकटी होते. कॅमेरा चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेसकट डब्यात ठेवू नका. बॅग ओल धरून ठेवते.

निळे खडे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. जूनमध्ये हे आठ-दहा दिवसांतही होतं, डबा कितीदा उघडता त्यावर अवलंबून. जुलैच्या उन्हात ते नीट वाळत नाहीत. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवावे, किंवा जुन्या कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत हलवत राहावं. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. खडे गरम असतानाच काचेच्या बरणीत झाकून ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात घाला. उघड्यावर गार केले तर रात्रीतच परत गुलाबी होतात.